पगार कोणाच्या खिशातून येतो? मराठवाड्यात मंदीत टिकणारं काम निवडताना

मराठवाड्यात मंदी दोन वाटांनी येते. पहिली कारखान्यांची. गाड्यांचा खप घटला की छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमधल्या, मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या व्हेंडरकडची तिसरी शिफ्ट बंद होते. मग ओटी (ओव्हरटाइम) जातो, मग गुत्तेदाराकडच्या (कंत्राटदाराकडच्या) पोरांना ‘ब्रेक’ मिळतो, म्हणजे काम थांबतं, आणि बघता बघता बजाजनगरातल्या खोल्यांवर ‘भाड्याने देणे आहे’च्या पाट्या लागतात. दुसरी वाट पावसाची. जुलैत पावसानं दडी मारली, दुबार पेरणी झाली, की दिवाळीला मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पैसा फिरत नाही. कधी पिकतं, पण भाव नसतो. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात बराच काळ त्याच्या खालीच सौदे झाले. शेतकऱ्याच्या हातात पैसा नसला की दुचाकीचं शोरूम, सराफा, मंगल कार्यालय, मंडपवाला, लग्नाचे फोटो काढणारा, सगळ्यांचंच वर्ष कोरडं जातं.

या दोन वाटा कधी कधी एकत्रही येतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच सुमारास उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मद्य कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायला सांगितली आणि इतर उद्योगांचंही पाणी कमी केलं. म्हणजे दुष्काळ शेतातून थेट एमआयडीसीत पोचला. त्यामुळे पुण्या-मुंबईसाठी केलेल्या ‘मंदीतल्या सुरक्षित नोकऱ्यां’च्या याद्या इथं जशाच्या तशा चालत नाहीत. आपल्याकडचं काम पाऊस आणि बाजार, दोन्ही पडले तरी टिकलं पाहिजे.

पहिली पायरी: घरात पैसा कुठून येतो ते लिहून काढा

कोर्स, कॉलेज, क्लास हे सगळं नंतर. आधी एका कागदावर घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसाचं नाव लिहा आणि त्याचा पैसा शेवटी कोण देतो ते पुढं मांडा. वडील शेती करतात, म्हणजे पाऊस आणि मोंढा. मोठा भाऊ ट्रॅक्टरच्या शोरूमला आहे. नोकरी दिसते पक्की, पण तिथला पैसाही शेतकऱ्याच्याच खिशातून येतो, म्हणजे पुन्हा पाऊस. काका साखर कारखान्यावर हंगामी आहेत, तिथं ऊस नसेल तर गाळप नाही. हे घर तीन जण कमावणारं वाटतं, प्रत्यक्षात एकाच पावसावर उभं आहे. अशा घरातल्या चौथ्या माणसानं कृषी सेवा केंद्र काढणं मला पटत नाही, मग त्यात नफा कितीही असो.

उलट घरातले दोघं वाळूज किंवा शेंद्र्याला कंपनीत असतील, तर तिसऱ्यानं त्याच पट्ट्यात, त्याच वाहन उद्योगात जाण्याआधी थांबून विचार करावा. शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक या औद्योगिक पट्ट्यात टोयोटा किर्लोस्कर, एथर, जेएसडब्ल्यू यांच्या वाहन प्रकल्पांच्या घोषणा २०२४ मध्ये झाल्या. चांगलीच गोष्ट आहे. पण घोषणा झाली म्हणजे भरती झाली असं होत नाही, आणि वाहन उद्योगाला वर-खाली होण्याची सवय आहे.

दुसरी पायरी: प्रत्येक कामाला चार प्रश्न विचारा

हे काम वर्षभर पुढं ढकललं तर कोणाचं अडतं? नवा फ्रिज पुढं ढकलता येतो. डायलिसिस येत नाही.

पैसे शेवटी कोण देतो? पाऊस, कारखाना, सरकारी तिजोरी, की रोज थोडे थोडे देणारे शंभर गिऱ्हाईक? एकाच मोठ्या माणसावर चालणाऱ्या कामापेक्षा शंभर छोट्या गिऱ्हाइकांचं काम मंदीत उशिरा पडतं.

पैसे वेळेवर हातात पडतात का? हा प्रश्न सगळे विसरतात. बी-बियाणं, खत आणि औषध दुष्काळातही विकलं जातं, दुबार पेरणीत तर बियाणं दोनदा जातं. पण विकलं जातं उधारीवर. सुगी झाली नाही की वसुली बुडते आणि कंपनीचं बिल मात्र दुकानदाराच्या नावावर उभं राहतं. मागणी टिकली म्हणून धंदा टिकतोच असं नाही.

आणि चौथा, या कामाला कायद्यानं परवाना किंवा नोंदणी लागते का? लागत असेल तर मंदीत बेकार झालेले दहा जण उद्या सकाळी तुमच्या शेजारी तेच काम मांडून बसू शकत नाहीत. मोबाईल दुरुस्तीत, डिलिव्हरीत, रिक्षात नेमकं तेच होतं. काम असतं, पण वाटेकरी वाढतात.

तिसरी पायरी: या चार प्रश्नांतून कोणती कामं पार पडतात

आरोग्याचं क्षेत्र सगळ्यात आधी, आणि त्याचं कारण ‘माणूस आजारी पडतोच’ एवढंच नाही. गेल्या काही वर्षांत धाराशिव, परभणी, जालना, हिंगोली इथं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर आणि बीड जिल्ह्यात अंबाजोगाई इथं ती आधीपासून होती. आता मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत सरकारी मेडिकल कॉलेज आहे, आणि प्रत्येक कॉलेजला मोठं रुग्णालय जोडलेलं असतं. त्याला डॉक्टरांइतक्याच परिचारिका, एक्स-रे आणि सीटी तंत्रज्ञ, रक्तपेढी आणि प्रयोगशाळेतली माणसं, ऑपरेशन थिएटर सांभाळणारे लागतात. दुसरं, महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं कवच आता कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंत आहे. त्यामुळे रोग्याच्या खिशात पैसा नसला तरी बरेचसे उपचार थांबत नाहीत. चार प्रश्नांतल्या दुसऱ्याचं उत्तर इथं पाऊसही नाही आणि कारखानाही नाही.

तरी यातही निवड आहे. २०२० च्या टाळेबंदीत दातांचे दवाखाने आणि टाळता येतील अशा शस्त्रक्रिया थांबल्या, काही खासगी रुग्णालयांनी पगार कापले. त्या काळात अतिदक्षता विभागातली परिचारिका मात्र शोधूनही मिळत नव्हती. म्हणून शिकताना ‘न टळणाऱ्या’ विभागाचा अनुभव घ्या: आयसीयू, प्रसूती, डायलिसिस, अपघात विभाग.

नर्सिंगमध्ये एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. घरची परिस्थिती बेताची असेल तर जीएनएम करून कामाला लागा आणि पुढं पोस्ट बेसिक बीएस्सी करा, हा रस्ता बऱ्यापैकी मळलेला आहे. प्रवेश घेण्यापूर्वी कॉलेजला नर्सिंग परिषदेची मान्यता आहे का ते परिषदेच्या यादीत स्वतः पाहा, एजंटाच्या फोनवरच्या फोटोत नको. आणि कॉलेजचं स्वतःचं रुग्णालय आहे का ते जाऊन बघा. पन्नास खाटा कागदावर आणि पाच रोगी वॉर्डात, अशा ठिकाणी तीन वर्षं घालवून सुई टोचायलाही हात बसत नाही. मुलींसाठी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झाला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घाईघाईनं जागा घेतली की ही माफी हातची जाते.

लातूरच्या क्लासमध्ये नीटचा तिसरा प्रयत्न करणाऱ्या लेकरांच्या आईवडिलांनी हा भाग दोनदा वाचावा. एमबीबीएस हुकलं म्हणजे सगळं हुकलं असं धरून चौथं वर्ष त्यात घालण्यापेक्षा त्याच गुणांवर पशुवैद्यकीय पदवीचा विचार करा. परभणी आणि उदगीर, दोन्हीकडे सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. शिक्षण साडेपाच वर्षांचं, त्यात इंटर्नशिप आली. दुष्काळात लोक जनावरं विकतात हे खरं, पण जी राहतात ती घरातली शेवटची पुंजी असते, आणि तिच्यावरचा खर्च शेतकरी सहसा टाळत नाही. फार्मसीबद्दल मात्र माझं मत सावध आहे. औषधाच्या दुकानाला नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो हे बरोबर, पण फार्मसीची कॉलेजं इतकी झाली आहेत की नोंदणीची किंमत घसरली. आणि दुकानात न बसता सर्टिफिकेट भाड्यानं देणं बेकायदा आहे. तपासणीत सापडलं तर नोंदणीच जाते.

आता वीज. माझ्या मते दहावीनंतर चार-सहा वर्षं शिक्षणात घालणं ज्याला परवडत नाही, त्याच्यासाठी मराठवाड्यात याच्याइतकं भक्कम काम दुसरं नाही. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन, दोन्ही दोन वर्षांचे. त्यावर महावितरणच्या विद्युत सहायक पदाला अर्ज करता येतो. पहिली तीन वर्षं मानधन, मग तंत्रज्ञ म्हणून नियमित. गावात डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली तर दुष्काळ असो की लग्नसराई, ती बदलावीच लागते. मात्र महावितरणसाठीच, पण एजन्सीमार्फत काम करणारा बाह्यस्रोत वायरमन आणि कायम तंत्रज्ञ यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. खांब तोच, धोका तोच, पण टेंडर बदललं की पहिल्याचं काम जातं. एजन्सीत अनुभवासाठी जा, मुक्काम करायला नको.

सरकारी जागा मिळाली नाही तरी हात रिकामे राहत नाहीत. सौर पंपांनी गेल्या काही वर्षांत शिवारं भरून गेली आहेत. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा वाटा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के. घराच्या छतासाठी पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉट आणि पुढं ७८,००० रुपये अनुदान. पण बसवण्याचं काम अनुदानाच्या जिवावर चालतं. योजना आटली की ते आटेल. दुरुस्तीचं काम आटणार नाही, कारण लागलेली पॅनेलं कुठं जाणार नाहीत. वादळानं स्ट्रक्चर वाकतं, कंट्रोलर बंद पडतो, मोटर अडकते, उंदीर वायर कुरतडतात. ठेकेदार कंपनीवर पाच वर्षांची देखभाल बंधनकारक आहे आणि तिला तालुक्याच्या ठिकाणी हाताखाली माणूस लागतोच. आयटीआय झाल्यावर अशा कंपनीच्या सर्व्हिस टीममध्ये एक-दोन वर्षं काढा, डीसी वायरिंग आणि कंट्रोलर नीट शिका, तारतंत्रीचा, म्हणजे वायरमनचा, परवाना काढा. मग गावाकडं स्वतःचं काम सुरू करा.

कारखान्यातच जायचं असेल तर उत्पादनाच्या लाइनवर जाण्याऐवजी मेंटेनन्सला जा. लाइन थांबली की ऑपरेटर जास्तीचे ठरतात, पण थांबलेलं यंत्रही सांभाळावं लागतं. त्यातही बॉयलर आणि सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प ही दोन कामं लोकांना माहीत नसतात. बॉयलरवर प्रमाणपत्रधारक अटेंडंट असणं कायद्यानं बंधनकारक आहे. हे प्रमाणपत्र राज्याचं बाष्पके संचालनालय परीक्षा घेऊन देतं. साखर कारखाना, औषध कंपनी, तेल गिरणी, डेअरी, सगळीकडे ते चालतं. एक उद्योग पडला तर दुसऱ्यात जाता येतं, आणि तेच महत्त्वाचं. वेल्डरचं तसं नाही. त्याचं काम बांधकामाशी आणि जालन्याच्या स्टील उद्योगाशी बांधलेलं आहे, बांधकाम मंदावलं की ते आधी थांबतं.

दुरुस्तीची कामं मंदीत उलट वाढतात. नवी गाडी घेणं लांबतं, म्हणून जुनी जास्त दिवस चालवली जाते. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. कानानं इंजिन ओळखणाऱ्या मेकॅनिकला आता स्कॅनर लागतो. तालुक्यात तो चालवता येणारे कमी आहेत, आणि पोरांनी नेमकी हीच फट धरावी.

हिशेबाचं काम कंटाळवाणं म्हणून कोणी सुचवत नाही. मी सुचवतो. धंदा शून्य झाला तरी जीएसटीचं रिटर्न भरावंच लागतं. बीकॉम, टॅली आणि कर सल्लागाराच्या ऑफिसात दोन वर्षांची उमेदवारी, एवढ्यावर मोंढ्यातल्या पाच-दहा आडतींची कामं धरता येतात. सुरुवातीचा पगार अगदीच किरकोळ असतो, हे आधीच सांगून ठेवतो.

शिक्षकाच्या नोकरीबद्दल थोडक्यात: अनुदानित शाळेतली पक्की, विनाअनुदानित शाळेतली नावाची. ‘पुढं ग्रँट येईल’ या भरवशावर संस्थेला पैसे मोजू नका.

चौथी पायरी: सरकारी भरतीला तारीख ठरवा

सरकारी नोकरी मंदीत टिकते याबद्दल वाद नाही. मार्च २०२० चा पगार राज्य सरकारनं टप्प्याटप्प्यानं दिला, पण दिला. त्याच सरकारनं ४ मे २०२० ला आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण हे विभाग वगळून नवी भरती थांबवली. म्हणजे जे आत होते ते सुरक्षित राहिले, आणि अभ्यासिकेत बसलेल्यांची वर्षं गेली. मंदीचा मार नोकरीवर पडत नाही, तयारीवर पडतो. हे गणित धरूनच उतरा.

पोलीस शिपाई भरतीची वयोमर्यादा खुल्या वर्गाला २८, मागासवर्गीयांना ३३. एमपीएससीच्या बऱ्याच पदांना ३८ आणि ४३. ती मर्यादा आहे म्हणून तिथवर थांबायचं असं काही नाही. किती वर्षं देणार, हे पहिल्या दिवशी घरच्यांसमोर ठरवा. माझा सल्ला तीन वर्षं, आणि तीही हातात एखादं प्रमाणपत्र आल्यावर. आयटीआय, डीएमएलटी (प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा डिप्लोमा), जीएनएम असं काही आधी करून मग अभ्यासिकेत बसलेलं पोर आणि नुसतं बीए करून बसलेलं पोर, दोघंही नापास झाले तर फरक लगेच कळतो. शिवाय पहिल्याला तांत्रिक पदांच्या जाहिरातीही खुल्या असतात, आणि तिथं गर्दी कमी असते.

पाचवी पायरी: आधीच कंपनीत असाल तर

या महिन्यात एवढं करा. पीएफचं पासबुक उघडून दर महिन्याचा भरणा दिसतो का पाहा. गुत्तेदार पगारातून कापतो आणि भरत नाही, असं होतं. गुत्तेदाराचं नाव आणि पीएफ कोड कुठेतरी लिहून ठेवा. पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआयसी (कामगार राज्य विमा) लागू होतं. त्याचं कार्ड फक्त दवाखान्यासाठी नसतं. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत नोकरी गेल्यावर, किमान दोन वर्षं विमाधारक असाल आणि हप्त्यांच्या अटी पूर्ण असतील, तर सरासरी रोजच्या वेतनाच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळू शकते. ही योजना मुदतवाढीवर चालत आली आहे, म्हणून ती सध्या चालू आहे का ते शाखा कार्यालयात विचारा. नोकरी जाण्याआधीच आधार, बँक खातं आणि विमा क्रमांक एकमेकांना जोडलेले असले तर नंतर खेटे घालावे लागत नाहीत.

ओटी धरून गाडीचा हप्ता बसवू नका. मंदीत पहिल्यांदा ओटीच जातो, आणि हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला येतो. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा असं सगळेच सांगतात. शेतकरी घरासाठी मी एका सुगीपासून दुसऱ्या सुगीपर्यंतचा हिशेब धरायला सांगेन, कारण कंपनीतून ब्रेक मिळून तुम्ही गावी आलात आणि त्याच वर्षी सोयाबीन पाण्यात गेलं, तर सहा महिने पुरत नाहीत.

शिफ्टनंतरच्या वेळात एकच गोष्ट शिका, पण प्रमाणपत्र मिळेल अशी. तुमच्याच कंपनीत मेंटेनन्सला बदली मागता आली तर पगार थोडा कमी झाला तरी घ्या.

कागदपत्रं, आत्ताच

चांगली जागा कागदावाचून हुकते, आणि ती नेहमी जुलै-ऑगस्टमध्येच हुकते. अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस, सगळे दाखले एप्रिल-मेमध्येच काढा. नंतर सेतू केंद्राबाहेर रांग लागते आणि सर्व्हर बसतो. जात पडताळणीला महिने लागतात. अकरावी-बारावी विज्ञानाला असतानाच कॉलेजमार्फत अर्ज करता येतो, तो करा. त्यासाठी वडिलांच्या किंवा आजोबांच्या शाळा सोडल्याचा दाखला आणि जुन्या महसुली नोंदी लागतात. आजोबांची नोंद निजामकाळातली असेल तर ती उर्दूत किंवा मोडीत असण्याची शक्यता आहे. तिचं भाषांतर करून प्रमाणित करून घ्यायला वेगळा वेळ धरा.

आणि ‘सेटिंग आहे, दीड लाख द्या, कंत्राटी जागा पक्की’ असं कोणी म्हणालं तर त्याच्याकडून फक्त एवढंच मागा: नियुक्ती कोणत्या जाहिरातीतून, कोणत्या एजन्सीकडून, किती महिन्यांची, आणि पीएफ कोणाच्या कोडवर जमा होणार, हे लेखी.